मुलकोवालची बाटली

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत १९०२ च्या सप्टेंबरात प्लेगच्या लशीची एक बाटली भरली गेली. तिच्यावर क्रमांक होता ५३-एन. एक्केचाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात मुलकोवाल नावाच्या खेड्यात ती उघडली आणि तिच्यातली लस १९ जणांना टोचली. हे १९ च्या १९ जण धनुर्वाताने मेले. त्याच दिवशी त्याच गावात इतर बाटल्यांतली लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत शिरले कुठे, परळला की मुलकोवालला? या एका प्रश्नाने एका शास्त्रज्ञाची कारकीर्द मोडली, हिंदुस्थान सरकारची अब्रू पणाला लागली आणि लशीवरचा लोकांचा नुकता कुठे बसू लागलेला विश्वास उडाला. आपल्याकडे ही हकिगत बहुधा ती लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर झालेल्या अन्यायाची म्हणून सांगतात. अन्याय झाला, यात शंका नाही. पण मला ती त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती जमिनीवर पडलेल्या एका चिमट्यामुळे. रोग टाळायला निघालेल्या हातांनीच रोग पोहोचवू नये म्हणून काय करायचे, हे १९०२ साली पुरेसे माहीत होते. तरी ते झाले नाही, आणि मग चौकशी भलत्याच टोकाकडून सुरू झाली.

माहीत काय होते, ते आधी सांगायला हवे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी, शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरामागे अठरा बाळंतिणी दगावत होत्या. दोन-तीन महिन्यांत हे प्रमाण दोनाच्या आसपास आले. हात धुतल्याने बायका का वाचतात, हे मात्र त्यांना पटवून देता आले नाही. ते कारण, म्हणजे जंतू, पाश्चर यांनी पुरवले. त्याच्या आधारावर १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरण्याची पद्धत जगापुढे मांडली, आणि पुढची कित्येक वर्षे त्या उग्र वासाचे पाणी म्हणजेच स्वच्छता, असे समीकरण इस्पितळांत रूढ झाले. पाश्चर स्वतः त्यावर समाधानी नव्हते. शस्त्र हातात घेण्याआधी ते ज्योतीतून फिरवून घ्या, असे त्यांनी १८७८ साली पॅरिसच्या डॉक्टरांना बजावले होते.

ज्योत की कार्बोलिक, या दोहोंतला फरक रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये मोजूनच दाखवला. साधे जंतू कार्बोलिकने चटकन मरतात. पण काही जंतू प्रतिकूल काळात टणक कवचाचे बीजाणू करून राहतात, आणि हे बीजाणू कार्बोलिकमध्ये दिवसच्या दिवस तग धरतात. धनुर्वाताचा जंतू याच जातीचा. १८८९ साली बर्लिनमध्ये कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या किटासाटो शिबासाबुरो यांनी तो प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला, तो याच गुणाचा उपयोग करून: मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवले, बाकीचे जंतू मेले, धनुर्वाताचे बीजाणू उरले. हवा नसेल तिथे तो वाढतो. त्याचे घर म्हणजे शेणामातीची जमीन. म्हणजे गुरांचा वावर असलेल्या अंगणात एखादे हत्यार पडले तर ते कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून काम भागणार नाही, ते उकळत्या पाण्यात किंवा ज्योतीत गेलेच पाहिजे, हा निष्कर्ष मुलकोवालच्या आधी किमान बारा-तेरा वर्षे उपलब्ध होता.

आता मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत मूळच्या गोव्यातल्या हडफड्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. शहर रिकामे होऊ लागले. सरकारने घरांच्या झडत्या, सक्तीने इस्पितळात नेणे, सामान जाळणे हे उपाय हाती घेतले, आणि लोकांनी प्लेगइतकाच इस्पितळाचा धसका घेतला. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पुण्यात पुढे काय झाले, रँडच्या कारभाराने लोक किती पोळले आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले, ते आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्याच पुण्याजवळ १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांना लागण झाली होती. रुग्णाच्या सर्वांत जवळ असणाऱ्याला त्या काळात कसलेही संरक्षण नव्हते.

या गदारोळात सरकारने वॉल्डेमार हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावले. हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसाच्या ज्यू कुटुंबातला. ते प्राणिशास्त्रज्ञ, मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. डॉक्टर नव्हते, ही गोष्ट पुढे त्यांना भोवली. ज्यू असल्यामुळे रशियात पुढची वाट बंद होती. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले तेव्हा जागा होती ती फक्त ग्रंथालयात साहाय्यकाची, आणि त्यांनी ती घेतली. तिथेच फावल्या वेळात पटकीवरची लस तयार करून १८ जुलै १८९२ ला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी ती लस टोचली.

मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचली, आणि मात्राही पुढे लोकांना दिली जाणार होती तिच्या तिप्पट-चौपट घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा कैद्यांपुढे लशीचा पर्याय ठेवला गेला. ज्यांनी घेतली नाही त्यांच्यात बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. घेतलेल्यांत दोघांनाच झाला, मृत्यू एकही नाही.

ही लस कशी होत असे हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्याच पायऱ्यांवरचा आहे. मोठ्या फ्लास्कमध्ये मांसाचे पाणी भरायचे. ते बोकडाचे, म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही धर्मभावनेला धक्का नको. वर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या तुपाला धरून वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागत. हा आकार दिसला की वाढतो आहे तो प्लेगचाच जंतू, अशी खूण पटे. फ्लास्क हलवला की पारंब्या तळाशी जात, वर नवे पीक येई, आणि असे पाच-सहा आठवडे चाले. मग सगळे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे. शेवटी शेकडा अर्धा भाग कार्बोलिक ॲसिड मिसळायचे आणि बाटल्या भरायच्या.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ७० अंशांची उष्णता प्लेगचा जंतू मारते, धनुर्वाताचा बीजाणू मारत नाही. अर्धा टक्का कार्बोलिकही त्याला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. म्हणून बाटलीत बीजाणू शिरूच न देणे हा मुख्य बंदोबस्त, आणि कार्बोलिक हा शिरलाच तर त्याला दाबून ठेवणारा दुसरा.

लशीचा गुण मात्र लवकरच दिसला. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये १८९७ च्या साथीत लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले. घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६. आगाखानांनी स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, हजारो खोजे पुढे आले, आणि आगाखानांची खुश्रू लॉज ही वास्तू काही काळ प्रयोगशाळेला मिळाली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. एका खोलीतले काम आता कारखान्याच्या आकाराचे झाले होते.

दरम्यान प्लेग पंजाबात पसरला होता. १९०२ मध्ये पंजाब सरकारने खेडोपाडी मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम आखली आणि परळकडे आजवर कधी नव्हती एवढी मागणी आली. तुपाच्या पद्धतीला महिना-दीड महिना लागायचा. हाफकिन यांनी पॅरिसमध्ये चालत असलेली वेगवान रीत घेतली: जंतू अगरच्या पृष्ठभागावर वाढवायचे, काही दिवसांत पाण्याने धुऊन घ्यायचे, उष्णतेने मारायचे. या रीतीत कार्बोलिक नव्हते. उष्णतेने जंतू मरतात, काम काटेकोर असेल तर बाहेरचे काही आत येत नाही, मग औषध कशाला, असा त्यामागचा विचार होता. पॅरिसमध्ये ही रीत चालली होती. पण परळची बाटली पॅरिसच्या प्रयोगशाळेत उघडली जाणार नव्हती. ती शेकडो कोसांवर खेड्यातल्या उघड्या जागी, घाईत, एकामागून एक माणसांसाठी वापरली जाणार होती. हा फरक हाफकिन यांच्यासारख्या सावध माणसाच्या हिशेबात पुरेसा आला नाही, असे मला वाटते. त्यांच्याविषयीचा आदर कमी न होता हे म्हणता येते.

त्याच सुमाराला अमेरिकेतही अशीच संकटे येऊन गेली होती. १९०१ मध्ये सेंट लुइस शहरात घटसर्पावरचे औषध ज्या घोड्याच्या रक्तापासून केले त्याला धनुर्वात झालेला होता; ते औषध टोचलेली तेरा मुले गेली. तिथे संतापाची लाट उसळली आणि जुलै १९०२ मध्ये लशी व रक्तद्रव तयार करणाऱ्यांना परवाना आणि तपासणी सक्तीची करणारा कायदा झाला. मुलकोवाल त्यानंतर चार महिन्यांनी घडले.

३० ऑक्टोबरला मुलकोवालमध्ये १०७ लोक लस घ्यायला जमले होते. सक्तीच्या झडत्यांनी मुंबई-पुण्यात जे होऊ शकले नव्हते ते इथे होत होते: लोक आपण होऊन दंड पुढे करत होते. टोचणारे डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस असे काम चालले होते. बाटलीचे बूच चिमट्याने काढायचे, लस पिचकारीत घ्यायची, पुढच्या माणसाच्या दंडात टोचायची. ५३-एन उघडण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्यानेच बूच काढले. चिमटा ज्योतीत धरला गेला नाही.

काही दिवस काहीच झाले नाही. मग त्या १९ जणांचे जबडे आवळू लागले, माना ताठल्या, अंगाला आचके सुरू झाले. धनुर्वाताचे विष मज्जातंतूंत पोहोचल्यावर फार काही हाती उरत नाही. त्यांतला एकही वाचला नाही. हाफकिन आणि पुढे झालेला वाद यांबद्दल पानेच्या पाने लिहिली गेली. पण जे प्लेगपासून वाचायला म्हणून आले आणि सरकारी सुईने मेले, त्या खेडुतांबद्दल फारच थोडे सांगितले जाते. ते आजारी नव्हते. धडधाकट माणसाच्या अंगात सुई खुपसताना टोचणाऱ्यावरची जबाबदारी रुग्णावर उपचार करतानाच्या जबाबदारीहून जड असते, आणि ती इथे पार पडली नव्हती.

बातमी पसरली. पंजाबातली मोहीम कोसळली. सरकारने चौकशी आयोग नेमला: मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्राचार्य बॉमफर्ड आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक सेम्पल. तिघेही आपापल्या क्षेत्रात नावाजलेले. आयोगापुढे आलेले पुरावे असे होते. बाटलीत उरलेल्या लशीत धनुर्वाताचे जंतू सापडले. ही लस नव्या रीतीने, कार्बोलिकविना तयार झाली होती. त्या रीतीला हाफकिन यांनी संमती दिली होती. आणि चिमटा पडला होता, हेही साक्षीत आलेले होते.

यांतून आयोगाने काढलेला निष्कर्ष असा की बाटली मुलकोवालला उघडण्याआधीच दूषित झालेली होती, म्हणजे दोष परळचा. पडलेला चिमटा बाजूला पडला. कारण शोधताना माणसाची नजर नव्या, अपरिचित गोष्टीवर आधी जाते, आणि इथे नवी गोष्ट होती कार्बोलिक वगळण्याची. हिंदुस्थानातल्या डॉक्टरांची पिढी लिस्टर यांच्या कार्बोलिकवर वाढली होती. ते घातले नाही म्हणजे हलगर्जीपणा झाला, हे त्यांना आपोआप पटले. त्याच कार्बोलिकवर भिस्त ठेवून मदतनिसाने चिमट्याची ज्योत टाळली होती, ही विसंगती आयोगाला दिसली नाही किंवा महत्त्वाची वाटली नाही. शिवाय हाफकिन इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले नव्हते, डॉक्टर नव्हते, इंग्रज नव्हते. त्या खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत त्यांचे परळचे पद आधीपासून सलत होते. या गोष्टींचा निकालावर किती परिणाम झाला हे तराजूत घालून सांगता येणार नाही, पण झालाच नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

हाफकिन यांना परळच्या संचालकपदावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. आपली बाजू मांडायला त्यांना चौकशीची कागदपत्रे हवी होती, आणि सरकार ती प्रसिद्ध करत नव्हते. तब्बल चार वर्षे हा माणूस आरोपाचे ओझे घेऊन वावरला. १९०६ च्या अखेरीला कागदपत्रे बाहेर आली आणि जंतुशास्त्रज्ञांनी ती वाचली तेव्हा चिमट्याची साक्ष त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

सर्वांत हिरिरीने पुढे आले रोनाल्ड रॉस. अल्मोड्याला जन्मलेले, सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणारे हे डॉक्टर स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, त्यामुळे त्या खात्याचा कारभार त्यांना आतून माहीत होता. १९०२ सालचे, म्हणजे मुलकोवालच्याच वर्षीचे, नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते. त्यांचा युक्तिवाद साधा आणि प्रयोगशाळेतला होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत एक्केचाळीस दिवस वाढले असते तर उघडताना तिला असह्य दुर्गंधी आली असती. टोचणाऱ्यांना तसा वास आला नव्हता. इतके दिवस वाढलेल्या जंतूंनी बाटलीत विषाचा साठा करून ठेवला असता, आणि मग लक्षणे फार झपाट्याने दिसली असती. इथे काही दिवस शांततेत गेले, जसे ताजे बीजाणू जखमेत शिरून रुजले तर जातात. उरलेल्या लशीत जंतू सापडले खरे, पण ते बाटली उघडल्यानंतर शिरून तिथे वाढले नसतील कशावरून? उलट, मातीत पडलेला आणि ज्योतीत न धरलेला चिमटा हे डोळ्यांसमोरचे, पुरेसे कारण होते.

२९ जुलै १९०७ ला लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. त्यात रॉस होते, आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे सायमन फ्लेक्सनरही होते. हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, तो खोटा ठरला आहे, असे या मंडळींनी स्पष्ट सांगितले. फ्रान्समध्ये ड्रायफस यांची निर्दोष सुटका होऊन जेमतेम वर्ष झाले होते, आणि या प्रकरणाला लोक 'छोटे ड्रायफस प्रकरण' म्हणू लागले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. अखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीवर बोलावले.

ते १९०७ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतले, पण परळला नाही. तिथले पद भरलेले होते. त्यांना कलकत्त्याला धाडले गेले आणि लस तयार करण्याच्या कामापासून दूरच ठेवले गेले. निवृत्तीपर्यंतची वर्षे त्यांनी तशीच काढली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, तेव्हा ते युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले.

पंजाबाला किंमत मोजावी लागली ती वेगळी. १९०७ या एका वर्षात त्या प्रांतात प्लेगने सहा लाखांवर माणसे मेली. हा सगळा आकडा मुलकोवालच्या नावावर टाकता येणार नाही. लस वेळेवर, पुरेशी आणि सर्वत्र पोहोचली असती का, हाही प्रश्न आहेच. पण १९०२ च्या हिवाळ्यात लोक आपण होऊन रांगेत उभे राहू लागले होते आणि त्या १९ मृत्यूंनंतर ती रांग मोडली, एवढे निश्चित. इस्पितळातून किंवा सुईतून पसरलेल्या संसर्गाचा हा दुसरा आघात असतो, आणि तो पहिल्याहून दूरवर पोहोचतो. आर्थर रोडवर चालून गेलेल्या कामगारांना जी भीती अफवेतून वाटली होती, तिला मुलकोवालने खरा आधार दिला.

कार्बोलिकचा प्रश्न मात्र रॉस जिंकले म्हणून मिटला असे नाही. चिमट्यावरून ताजे बीजाणू गेले असतील तर लशीत कार्बोलिक असते तरी ते १९ जण वाचले नसते, कारण काही मिनिटांत ते बीजाणूंचे काहीच बिघडवू शकत नाही. मग आयोगाचा आग्रह साफ चुकीचा होता का? हाफकिन यांच्यावरच्या आरोपापुरता, होय. पण एकच बाटली अनेकांसाठी, अनेक वेळा उघडायची असेल तर तिच्यात जंतूंना आवर घालणारे काहीतरी हवे, ही त्यामागची चिंता खरी होती. ते सव्वीस वर्षांनी ऑस्ट्रेलियात कळले.

जानेवारी १९२८. क्वीन्सलंडमधल्या बुंडाबर्ग गावात घटसर्पाची लस टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ मुले एक-दोन दिवसांत दगावली. लशीची बाटली आधीच्या सत्रांत उघडून वापरलेली होती, उन्हाळ्याचे दिवस होते, आणि लशीत कोणतेही जंतुनाशक नव्हते. चार्ल्स केलवे यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने, तरुण मॅकफार्लेन बर्नेट यांच्या प्रयोगांच्या मदतीने, दाखवून दिले की वापराच्या दरम्यान बाटलीत स्टॅफिलोकॉकस शिरला आणि तिथेच वाढला. बाटली किती वेळा उघडली, दोन सत्रांच्या मध्ये ती कुठे होती, तिच्यात काय घालायचे राहिले, या क्रमाने ही चौकशी गेली. तिची शिफारस होती की जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य नसेल तर अशी औषधे अनेक मात्रांच्या बाटलीत द्यायचीच नाहीत. १९०३ च्या आयोगाने याच क्रमाने विचार केला असता तर पडलेला चिमटा आणि वगळलेले कार्बोलिक या दोन्ही गोष्टी एकाच साखळीतले दोन कच्चे दुवे म्हणून समोर आल्या असत्या, आणि एका माणसाला बळी देण्याची गरज उरली नसती.

आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीकरण सत्रात हे दोन्ही दुवे वेगवेगळ्या प्रकारे बांधलेले दिसतात. प्रत्येक बाळासाठी नवी, एकदा वापरली की दट्ट्या अडकून निकामी होणारी पिचकारी असते. बूच रबराचे असते आणि ते काढायचेच नसते. सुई त्याच्यातूनच आत जाते, म्हणून चिमट्याचे कामच राहिलेले नाही. कुपी उघडली की नर्सबाई तिच्यावर तारीख आणि वेळ लिहितात. जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य असलेली त्रिगुणी लशीची उघडलेली कुपी योग्य थंडाव्यात ठेवली तर चार आठवड्यांपर्यंत वापरायला परवानगी आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लशीत तसे द्रव्य नसते. तिथे पाण्यात मिसळल्यापासून चार तास, किंवा त्याआधी सत्र संपले तर तेवढाच वेळ; त्यानंतर कुपीत पाच बाळांची लस उरली असली तरी ती टाकून दिली जाते.